पेटी कुणी उचलायची

“रक्त पहिल्यांदा कधी दिसलं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“कूबर पेडी,” पद्मजा म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना ते आधीच्या कुठल्या डॉक्टरचं नाव वाटलं. त्या स्पेलिंग विचारायला लागल्या.

“डॉक्टर नाही. गाव आहे. ऑस्ट्रेलियातलं. जुलैमध्ये गेलो होतो आम्ही, कॅरव्हान घेऊन.”

तेव्हा फेब्रुवारी चालू होता. खिडकीबाहेर पार्किंगच्या कडेला बर्फाचे ढीग काळे पडले होते. गिरीश शेजारच्या खुर्चीत दोघांचे जाडजूड कोट मांडीवर घेऊन बसला होता. कोटांखाली त्याने बोटांवर महिने मोजले. सात. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचं चित्र पेनाच्या टोकाने दाखवलं. आतड्यात हे एवढं, आणि यकृतात हे इथे, इथे आणि इथे. पद्मजा मान हलवत होती, भाजीवाल्याने भाव सांगावा तशी.

गाडीत बसल्यावर तिने आधी पट्टा लावला, मग बोलली.

“सावनीला म्हणायचं, आत्ताच कळलं. आधी काही त्रास नव्हता.”

“का?”

“का म्हणजे? मलाही बोलेल, तुम्हालाही बोलेल. वर तिकडे सनीव्हेलला बसून रडत राहील. काय उपयोग?”

“बरं,” तो म्हणाला.

आणि त्याला हलकं वाटलं. बायकोचं मरण कळून वीस मिनिटं झाली नव्हती, आणि लेक आपल्याला बोलणार नाही म्हणून त्याला हलकं वाटलं.

ऑगस्टच्या अखेरीला पद्मजा गेली. सप्टेंबरात एका रविवारी, ते राहत त्या पिस्कॅटवेतला एक छोटा हॉल घेऊन लोक तिच्यासाठी जमले. शंभरेक तरी असतील. पद्मजा घरी मुलं सांभाळायची. पुण्या-नागपूरहून आलेल्या आयटीवाल्यांची मुलं, दोन महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतची. ती मुलं आता मिशा फुटलेली होती आणि दारात उभी राहून फोनमध्ये बघत होती. त्यांचे आईबाप एकेक करून गिरीशचा हात धरत होते.

“काका, निदान ती ट्रिप तरी झाली.”

“मावशी किती खूश होत्या ऑस्ट्रेलियावर!”

“नशीबवान हो. जाण्याआधी इच्छा पुरी झाली. तुम्ही केलीत, काका.”

गिरीश ‘हं’ म्हणत होता. त्याला सगळ्याचाच वीट आला होता. सामोशांच्या तेलाचा वास, लिलीच्या फुलांचा वास, लोकांच्या हातांचा ओलेपणा. सगळ्यात जास्त त्या ‘तुम्ही केलीत’चा.

त्याला जायचंच नव्हतं. त्याला अलास्काची क्रूझ हवी होती. जेवण तयार, अंथरूण तयार. पण पद्मजाच्या स्वयंपाकघरात एक जुनं कॅलेंडर होतं. तिच्याकडे राहणाऱ्या एका मुलाचे आईबाप ॲडलेडला गेले, त्यांनी पाठवलेलं. वर्ष सरलं तरी तिने ते काढलं नाही. जुलैचं पान तसंच टांगलेलं: लाल माती, सरळ रस्ता, बाकी काही नाही. “इथे जायचं,” ती फोडणी देताना म्हणायची. आठ वर्षं म्हणाली. शेवटी गिरीश कंटाळून हो म्हणाला.

ॲडलेडला त्यांनी भाड्याने जीप आणि मागे जोडायची कॅरव्हान घेतली. मालक चड्डीवर होता, लालबुंद चेहऱ्याचा. त्याने गॅस दाखवला, पाण्याची टाकी दाखवली, आणि शेवटी कॅरव्हानच्या बाहेरच्या बाजूचं एक छोटं दार उघडून राखाडी रंगाची पेटी ओढून काढली. तिला चाकं होती, प्रवासी बॅगेसारखा दांडा होता.

“संडासची पेटी. दोन-तीन दिवसांत भरते. कॅम्पवर डम्प पॉइंट असतो, तिथे ओतायची, धुवायची, निळं औषध घालून परत सरकवायची.” मग गिरीशकडे बघून डोळा मिचकावला. “हे नवऱ्याचं काम.”

गिरीश मराठीत पद्मजाला म्हणाला, “एकतीस वर्षं अख्ख्या काउंटीचं उपसलंय. सुट्टीत नाही.”

“राहू दे हो. अर्ध्या पिस्कॅटवेचे डायपर बदललेत मी. मला काय त्याचं?”

गिरीशने एकतीस वर्षं सांडपाण्याच्या प्लांटवर नोकरी केली होती. मराठी मंडळात ओळख करून देताना लोक ‘एन्व्हायर्नमेंटमध्ये होते’ म्हणायचे. तो मुद्दाम ‘गू-पाण्यात’ म्हणायचा, की लोक हसून विषय बदलायचे. पण कामात तो पक्का होता. टाकीच्या कठड्यावर उभा राहून नुसत्या रंगावरून आणि वासावरून सांगायचा, की वर कुणीतरी तेल सोडलंय, कुणीतरी कापडाचा डाय सोडलाय. प्रयोगशाळेचा कागद दुसऱ्या दिवशी यायचा आणि बहुतेक वेळा त्याचंच खरं निघायचं. घरी आल्यावर तो हे सगळं रंगवून सांगायला लागला, तेव्हा पद्मजाने संसारातला पहिला आणि बहुधा एकमेव नियम केला: जेवताना प्लांटचं बोलायचं नाही.

तर ती पेटी पद्मजाने उचलली. कॅम्पवर संध्याकाळी डम्प पॉइंटपाशी पुरुषांची रांग असायची, एका हातात पेटी, दुसऱ्यात बिअरचा कॅन. त्यात ही एकटी बाई, पाच फुटांची, सलवार-कमीजवर टोपी घातलेली. ते विचारायचे, तुझा माणूस कुठाय? ती म्हणायची, “तो रिटायर झालाय.” ते खो खो हसायचे. गिरीश लांब खुर्ची टाकून बसलेला असायचा, तोंडावरच्या माश्या हाकलत. त्याने तिचा एक फोटोही काढला.

माश्यांनी त्याचा जीव नकोसा केला होता. डोळ्यांत जायच्या, नाकात जायच्या. रस्त्याच्या कडेला मेलेली कांगारू, फुगलेली, त्यांच्यावर गरुड बसलेले. पद्मजा काच खाली करून बघायची. तो काच वर करायला लावायचा.

कूबर पेडीच्या पुढे एका रोडहाउसवर ते जेवायला थांबले. तिकडे बर्गरमध्ये बीटाच्या चकत्या घालतात, व्हेज असला तरी. पद्मजाने पाव उचलून बघितला आणि तसाच धरून ठेवला.

“अहो, बीटाने असं लाल होतं का हो?”

“काय लाल होतं?”

“संडासला. काल पेटी ओतली ना, तेव्हा जरा...”

गिरीशच्या तोंडात घास होता. “शी! पद्मा, जेवतोय मी. नियम तुझाच आहे ना?”

“हो की,” ती हसली. “चुकलं बाई.”

तिने चकत्या बोटांनी काढल्या आणि त्याच्या पानात ठेवल्या. त्याला बीट आवडायचं. त्याने खाल्ल्या. समुद्रकाठचं डार्विन, शेवटचा मुक्काम, येईपर्यंत, जिथे जिथे बर्गर घेतला तिथे तिथे, तिच्या चकत्या त्याच्या पानात आल्या आणि त्याने खाल्ल्या. ती बीट का सोडते आहे, हे त्याने विचारलं नाही. तिनेही पुन्हा काही विचारलं नाही. एकवीस दिवस पेटी तीच ओतत राहिली. ओतायला लागली की कुणी आपल्या माणसाने जवळ उभं राहावं असं तिला वाटलं असेल की नसेल, कुणास ठाऊक. तो खुर्चीत बसलेला होता.

पेटीत निळं औषध असतं. निळ्यात रक्त मिसळलं की पाणी कसं दिसतं हे गिरीशला शिकवायची गरज नव्हती. एकदा, फक्त एकदा ओतली असती तरी त्याने ओळखलं असतं. पुढच्या गावात डॉक्टर गाठला असता. तिथून घरी आल्यावर तर फ्लश. दांडा दाबला की गेलं. कुणाला काही दिसायचा प्रश्नच नाही. आयुष्यात एकवीस दिवस असे आले होते की तिच्या पोटातलं दुखणं हाताने उचलून नेता येत होतं, आणि तेवढेच दिवस त्याने हात लावला नाही.

मार्चमध्ये ऑपरेशननंतर पद्मजाच्या पोटाला शौचाची पिशवी लागली. नर्सने एकदा दाखवलं आणि दुसऱ्या दिवसापासून गिरीशच ती रिकामी करू लागला. दिवसातून चार वेळा.

“अनुभवी माणूस मिळाला,” पद्मजा उशीला टेकून म्हणायची. “एकतीस वर्षांचा.”

“जास्त बोलू नकोस. हलतेस.”

“सुट्टीत नाही म्हणाला होतात ना?”

“ही सुट्टी आहे होय?”

सहा महिन्यांत त्याला एकदाही किळस आली नाही. एकदाही नाही. आणि हेच त्याला सगळ्यात घाणेरडं वाटतं. म्हणजे तिकडे जी होती ती किळस नव्हतीच. तोरा होता.

जूनमध्ये एकदा पिशवी बदलताना त्याने विचारलं, “बीट सोडल्यावरही येत होतं?”

“हो.”

“मग तुला कळलं होतं.”

“डार्विनच्या अलीकडे, टेनंट क्रीकला कळलं होतं. तिथून परत फिरून काय करणार? मागे बाराशे मैल, पुढे सहाशे. मला समुद्रापर्यंत जायचं होतं.”

“आणि घरी आल्यावर?”

“घरी आल्यावर भीती वाटली,” ती म्हणाली. “तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

त्या रविवारी हॉलमध्ये दिवे मंद केले. सावनीने स्लाइड-शो बनवला होता. ती एकेचाळीस वर्षांची, माइक हातात धरून उभी होती, आईसारखीच बुटकी.

“आईला झीरो सिम्प्टम्स होते,” ती म्हणाली. “ट्रिपवर ती पर्फेक्टली फाइन होती. ॲट लीस्ट तो टाइम तिला हॅपी मिळाला, अँड दॅट्स बिकॉज ऑफ बाबा.”

पडद्यावर लाल रस्ता आला. उंच वारुळं आली. मग तो फोटो आला: पद्मजा, टोपी, राखाडी पेटी विमानतळावरच्या बॅगेसारखी मागे ओढत निघालेली, हसत. लोकही हसले.

“मावशी कुठे निघाल्या बॅग घेऊन?” सिद्धेश ओरडला. त्याची मुलगी अनिका पद्मजाकडेच वाढली होती. “काका, सांगा ना काहीतरी! दोन शब्द!”

कुणीतरी माइक गिरीशच्या हातात दिला. तो उभा राहिला. पडद्याचा उजेड डोळ्यांवर येत होता.

“ती बॅग नाही,” तो म्हणाला. “संडासची पेटी आहे. एकवीस दिवस तिनेच ओतली. मी एकदाही उचलली नाही.”

मग कुठल्यातरी बाईने मोठ्याने म्हटलं, “नवऱ्याची जात, काका! आमच्याकडे डिशवॉशरपण रिकामा करत नाहीत!” आणि अख्खा हॉल हसला. टाळ्याही वाजल्या. सिद्धेशची बायको देवयानी डोळे पुसत हसत होती. गिरीशला पुढे बोलायचं होतं. पुढचं वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं. पण समोर सगळ्यांच्या मांडीवर सामोशांच्या प्लेटी होत्या. त्याने माइक परत दिला आणि खाली बसला.

संध्याकाळी घरी बापलेक जेवायला बसले. देवयानीने डबा दिला होता, पिठलं-भात. सावनीची सकाळची फ्लाइट होती. भिंतीवर जुलैचं पान होतं.

“तुझी ती आतड्याची तपासणी, आईमुळे करायला सांगितलेली,” गिरीश म्हणाला. “तारीख घेतलीस?”

“बाबा, प्लीज. घेतली होती. दोनदा रीशेड्यूल केली.”

“का?”

“वर्क क्रेझी आहे. आणि इट्स सो ग्रोस, बाबा. ते औषध प्यायचं, मग अख्खी नाइट टॉयलेटवर. ईऽऽ.”

“ईऽऽ काय त्यात?”

“आणि पॉइंट काय आहे? आईला तर काहीच झालं नव्हतं आधी. असलं की असं अचानकच कळतं. आय मीन, तिने काय मिस केलं? काहीच नाही.”

गिरीशने हातातला घास ताटात ठेवला.

“सावनी, तिकडे ट्रिपवर, ती पेटी...”

“बाबा!” सावनीने हसत हात वर केला. डोळे दिवसभर रडून सुजले होते. “जेवताना नको ना. आईचा रूल.”

त्याने ताटातला घास पुन्हा उचलला. तिने भात संपवला, ताट विसळलं, त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकून उभी राहिली आणि झोपायला गेली. पहाटे त्याने तिला नेवार्कच्या विमानतळावर सोडलं. रस्ताभर ती कुठल्याशा मीटिंगवर होती.

त्याला आता महिना होत आला. सावनीला खरं सांगायचा फोन जेवणाच्या वेळी करायचा नाही, एवढं गिरीशने ठरवलं आहे. तिकडे सनीव्हेलला सकाळचे नऊ म्हणजे इकडे दुपारचे बारा. म्हणून तो अकरालाच जेवून घेतो, भांडी घासतो, आणि फोन समोर ठेवून टेबलाशी बसतो.

सावनीची तपासणी अजून झालेली नाही. पेटीत काय होतं, ते तिला अजून सांगायचं राहिलं आहे.