कावळ्याच्या तारखा

नववीच्या वर्गात कुणाचा तरी मोबाईल वाजला, म्हणून मुख्याध्यापक रामेश्वर सरांनी सगळ्यांना दप्तरं घेऊन व्हरांड्यात उभं केलं. मुलांची दप्तरं ते तपासणार होते, मुलींची मी. "बाईमाणूस असल्यावर कुणाची तक्रार राहत न्हाई," ते म्हणाले. मलाही ते पटलं. मी विज्ञान शिकवते. शाळेत मी एकटीच बाई आहे.

मोहिनीच्या दप्तरात मोबाईल नव्हता. मी चेन लावत होते, तेवढ्यात सरांनी वरची वही उचलून शेवटचं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं.

"कावळा, चौदा जून. कावळा, एकोणीस जुलै. कावळा, बावीस ऑगस्ट." ते मुलांकडे वळले. "कुणाला कावळा म्हणता बे तुमी?"

"सर, दहावीचा सुरज लई काळा हाय!" मागून कुणीतरी म्हणालं. मुलं खिदळली. मुलींपैकी एकही हसली नाही.

त्या तारखा लिहायला मीच सांगितलं होतं. जूनमध्ये मुलींना वेगळं बसवून पाळीबद्दल शिकवलं तेव्हा. 'पाळी' लिहायची लाज वाटते म्हणाल्या, तर मी म्हटलं, आजी म्हणते तसं लिहा, कावळा शिवला. वही तुमची आहे, कुणी वाचणार नाही, हेही मीच सांगितलं होतं.

सरांनी तिथूनच तिच्या वडिलांना फोन लावला. "पोरगी कुणालातरी भेटती. तारखा लिहून ठिवल्यात. या लगेच."

मोहिनीने माझी बाही धरली. "मॅडम, सांगा ना सरांना. आबा शाळा बंद करत्याल. ताईची सातवीतच केली."

चाळीस मुलांसमोर मी काय सांगणार? ऑफिसात गेल्यावर, दार लावून, सांगितलं. सर खुर्चीत बसले. कानापर्यंत लाल झाले. मिटलं, असं मला वाटलं. मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि बोटं मोजली.

"आज तेरा ऑक्टोबर. बावन्न दिवस झाले, मॅडम. पुढची तारीख कुठंय?"

ते काय विचारताहेत, हे मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी वळून पाहिलं. मोहिनी माझ्या शेजारीच उभी होती. चौदा वर्षांची.

"सर, सुरुवातीची दोन-तीन वर्षं पाळी अशी मागेपुढे होते. यात काहीही वेगळं नाही."

"ते तुमचं सायन्स. शाळेची अब्रू माझ्या गळ्यात हाय. डॉक्टरचा दाखला आणू द्या, मग बसवू वर्गात."

तिचे वडील, सटवा, घाटनांदूरच्या रस्त्याला मेंढ्या भावावर सोडून आले होते. चपला दाराबाहेर काढून ते आत आले. सरांनी आवाज उतरवून सगळं सांगितलं. तारखा, बावन्न दिवस, दाखला. सटवा लेकीकडे बघत ऐकत राहिले.

"मोबाईल घावला का हिच्याजवळ?"

"न्हाई."

"मग वही कावून उघडली?"

सरांनी वही मिटून टेबलावर ठेवली.

"डॉक्टरचा कावून? तुमीच द्या दाखला," सटवा म्हणाले. "शाळा सोडल्याचा."

ते लेकीवर संशय घेतील, एवढीच मला भीती होती. त्यांनी क्षणभरही घेतला नव्हता, आणि तरीही तिची शाळा सुटत होती.

"आबा, न्हाई!" मोहिनी ओरडली. "मी काय केलंय? मी कावून घरी बसू?"

मी टेबलावरचा कोरा कागद सरांपुढे सरकवला. "सर, लेखी द्या. नववीच्या मुलीकडून कशाचा दाखला हवाय, ते स्पष्ट लिहा. खाली सही, शिक्का. मी आजच गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे नेऊन देते."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. कागदाकडे पाहत राहिले. मग टोपण परत लावलं.

"एवढ्यातेवढ्याला कागद कशाला वाढवता, मॅडम? जा गं, वर्गात जा."

मोहिनी वडिलांकडे बघत उभी राहिली. सटवांनी मान हलवल्यावरच ती गेली. धावत गेली.

चपला घालताना सटवा मला म्हणाले, "बाई, तिला शिकवा. लई शिकवा. पर तिच्या अंगातलं काय कागदावर लिहायला लावू नका."

नोंद ठेवणं का गरजेचं असतं, हे मी दर जूनमध्ये अर्धा तास समजावून सांगते. त्यातलं एकही वाक्य मला तिथे आठवलं नाही.