नाक आपल्याकडे असताना

हरवलेल्या माणसांना शोधणाऱ्या आमच्या मंडळात संघप्रिया ड्रोन उडवते आणि मी तिच्या शेजारी उभा राहून आकाशाकडे बघतो. हे काम माझ्याकडे का आलं, हे मला अजून नीट कळलेलं नाही. सगळी नोकरी मी ग्रंथालयात केली. पण ड्रोन उडवणाऱ्याची नजर हातातल्या पडद्यावर असते, म्हणून शेजारी कुणीतरी लागतंच. त्याने घारी बघायच्या, विजेच्या तारा बघायच्या आणि मोठ्याने सांगायचं. लांबचं मला लख्ख दिसतं. मोठ्याने सांगणं मात्र जड गेलं. आमचे प्रमुख तात्याराव पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पंढरीनाथ, तुम्ही 'बहुतेक घार असावी' म्हणेपर्यंत घार ड्रोन घेऊन घरी जाईल."

खाडीकडे, तिवरांत कुणी हरवलं की मंडळाला फोन येतो. काम बिनपगारी. संघप्रिया आठवडाभर हाटकेशच्या एका कारखान्यात माल पाठवण्याचं काम बघते आणि रविवार मंडळाला देते. उरलेल्या वेळात तिचं स्वतःचं शिक्षण. तिला ड्रोनचा परवाना हवा आहे. तो मिळाला तर जमीनमोजणीच्या कंपनीत नोकरी लागेल, असं तिला सांगितलं गेलंय. एकदा ती परीक्षेत नापास झाली होती. आता नापास झाली, तर पुन्हा फी भरायला घरचे तयार नव्हते.

नापास का झाली, ते आम्हाला उशिरा उमगलं. परीक्षेत पडदा नसतो. समोरच्या ड्रोनकडे बघत हवेत इंग्रजी आठचा आकडा काढायचा. ड्रोन आपल्यापासून लांब जात असतो, तोवर त्याचं डावं ते आपलं डावं. वळून त्याचं नाक, म्हणजे पुढची बाजू, आपल्याकडे झालं की सगळं उलट. शोधाच्या कामात ही वेळ येतच नाही, कारण पडद्यात बघणारा जणू ड्रोनमध्येच बसलेला असतो. त्यात सरावाच्या वेळी मी मागून "डावीकडे, आता उजवीकडे" सांगत राहायचो. मला वाटायचं, मदत करतोय. ती ड्रोनकडे बघून नाही, माझ्या आवाजावर उडवत होती. परीक्षेत मी नव्हतो.

परीक्षेआधीच्या रविवारी आम्ही मिठागराच्या मोकळ्या जागेवर सरावाला गेलो. तिने तिचा स्वस्तातला सरावाचा ड्रोन काढला.

"काका, आज तोंडाला कुलूप. ड्रोन पडला तरी बोलायचं नाही."

"पडला तर?"

"तर उचलायचा. तुमची पुस्तकं पडली की उचलता ना, तसा."

ड्रोन दोनदा पडला. दोन्ही वेळा नाक आमच्याकडे असतानाच. तिसऱ्यांदा तिने तो हवेत चढवला आणि तेवढ्यात तात्यारावांचा फोन आला. खाडीकाठच्या डोंगरी गावातले म्हातारे राघोबाबा सकाळपासून सापडत नव्हते, पोलिसांनी मंडळाला बोलावलं होतं. संघप्रियाने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सराव गेला," एवढंच म्हणाली आणि ड्रोन उतरवून, रविवारी सोबत असायचीच ती मंडळाच्या ड्रोनची पेटी उचलून रिक्षा शोधायला लागली.

डोंगरीला बांधावर राघोबाबांची बायको शेवंती उभी होती. "सकालपासून न्हाय घरान. चपला बी घरानच हायेत. हल्ली त्याला काय आठवत न्हाय, गो." भरती चढत होती. त्यांची दोन्ही मुलं वाळूच्या बाजूला शोधत फिरत होती.

संघप्रियाने मंडळाचा ड्रोन तिवरांवर नेला आणि मान खाली घालून पडद्यात बघू लागली. मी वर बघत होतो. ड्रोन टोकापर्यंत जाऊन परत वळला, तेव्हा उजवीकडून घार आली. मला ती स्पष्ट दिसली. बहुतेक वगैरे काही नाही, घारच. तोंड उघडलं आणि मनात आलं, कुलूप अजून आहे की नाही? विचारावं का? तेवढ्यात घारीने झडप घातली.

पडद्यावरचं चित्र हललं म्हणून संघप्रियाने मान वर केली. ड्रोन तिरका होऊन आमच्याकडे येत होता, घार वळून पुन्हा येत होती. तिने ड्रोन बाजूला ओढला, खाली दाबला आणि पाण्यावरून खालूनच आणत बांधावर उतरवला.

"काका! दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली."

"मग?"

"तू म्हणालीस, बोलायचं नाही."

"ते माझ्या शिकण्यासाठी होतं हो. इथे माणूस हरवलाय."

रागावली असती तर बरं झालं असतं. ती गुडघ्यावर बसून मोडलेलं पातं बदलू लागली.

ड्रोन पुन्हा वर गेला, तेव्हा मी इतका ओरडलो, की शेवंती दचकून म्हणाली, "यो म्हातारा केवरा वरडतंय!" घार दोनदा आली, दोन्ही वेळा ड्रोन आधीच खाली गेला होता. आणि मग पडद्यात पांढरा सदरा दिसला. राघोबाबा जुन्या शेताच्या बांधावर पाय पाण्यात सोडून बसले होते. पाणी गुडघ्याला लागलं होतं. मुलांनी त्यांना खांद्यावर घालून आणलं, तेव्हा ते शेवंतीला म्हणाले, "भात कापाया आलतो." तिथे भात होऊन किती वर्षं झाली असतील, कोण जाणे.

परतताना रिक्षात संघप्रियाने मोडलेलं पातं हातात फिरवून बघितलं. मग म्हणाली, "मघाशी घार आली, तेव्हा नाक आपल्याकडे होतं ना?"

"हो."

"मी कुठे वळवला?"

"बरोबर बाजूला."

"मला आठवतच नाहीये."

माझ्या चुकीतून तिला काही मिळालं, असं मी म्हणणार नाही. राघोबाबा सापडले म्हणून तसं म्हणायची सोय झाली, एवढंच.

बुधवारी तिने मला परीक्षेला सोबत नेलं. मी मैदानाच्या कुंपणाला धरून उभा राहिलो. पहिला आठ नीट झाला. दुसऱ्यात ड्रोन वळला, नाक आमच्याकडे झालं आणि तो भलत्याच बाजूला सरकू लागला. शब्द अगदी तोंडाशी आला. रविवारी मी गप्प राहायला नको होतं. आज मी बोलायला नको होतं. या दोहोंतला फरक मला दर वेळी नव्याने शोधावा लागतो. मी कुंपणाची तार घट्ट धरली. ड्रोन हवेतच थांबला. संघप्रियाने श्वास घेतला असावा, तिचे खांदे हलले. मग ड्रोन हळूच योग्य बाजूला आला आणि आठ पुरा झाला. जरा तिरका, पण पुरा.

परीक्षक तिच्याशी काहीतरी बोलून हसले. ती धावतच कुंपणापाशी आली.

"झालं, काका! पास! तुम्ही होतात कुठे? मी एकदाही मागे बघितलं नाही."

"इथेच होतो," मी म्हणालो. मला फार आनंद झाला होता, आणि थोडं रिकामंही वाटत होतं.