मोडक्या शिंगाचं जपानी जनावर

देवळाली प्रवराजवळच्या एका साखर कारखान्याने नवी शाळा काढली होती. तिचा हेडमास्तर कोण, हे कारखान्याचे चेअरमन काकासाहेब त्या आठवड्यात ठरवणार होते. नावं दोनच. गणिताच्या पुष्पावतीबाई आणि इंग्रजीचे हेमचंद्र सर. सरांच्या मते नाव एकच होतं, बाईंचं आपलं यादी भरायला घातलेलं. आपण हेडमास्तर झालो असं गृहीत धरून सरांनी कोटसुद्धा शिवायला टाकला होता. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

त्यातच ती जपानी फिल्म आली. नवं यंत्र बसवून परत जाणाऱ्या जपानी साहेबांनी ती कारखान्याला भेट दिली होती. तीत माणसं नाहीत, नुसती रंगवलेली चित्रं हलतात, हे कळल्यावर सरांनी नाक मुरडलं. "एवढी यंत्रं करणारे लोक, आणि बघतात काय, तर कार्टून," ते बाईंना म्हणाले. पण काकासाहेबांनी "सर, मधल्या सुट्टीत चार शब्द तुमीच सांगा" म्हटल्याबरोबर फिल्म एकदम महान झाली.

संध्याकाळी पटांगणात पडदा लागला. भिंगारहून प्रोजेक्टर घेऊन आलेल्या छगनने पहिलं रीळ चढवलं. पाण्याखाली गेलेल्या गावातली एक पोरगी विहिरीत उडी मारते आणि शंभर वर्षं मागे, गाव बुडायच्या आधीच्या काळात निघते. तिथे तिला डोक्यावर पाण्याची वाटी असलेला बेडूकमाणूस भेटतो आणि मिशा नि शिंगं असलेला उडता नाग. भाषा कुणाला ओ की ठो कळत नव्हती, तरी लोक रंगले होते. मग अचानक सगळा गुंता झाला. नागाचं एक शिंग मोडलेलं दिसलं. पुढच्या रिळात तेच शिंग धडधाकट, आणि मग ते सगळ्यांदेखत मोडलं.

पाचवं रीळ संपलं, दिवे लागले. काकासाहेब वळून म्हणाले, "बाई, मधी काय झालं वो? तुमाला उमगलं का?"

"नाही कळलं मला," बाई म्हणाल्या. "त्या शिंगाचा हिशेबच लागत नाही."

सरांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ते माइकपाशी गेले आणि पाऊण तास वाटावीत अशी पंधरा मिनिटं बोलले. काळ सरळ वाहत नाही, म्हणाले. मोडलेलं शिंग आधी दाखवण्यात जपानी प्रतिभेचा कळस आहे, म्हणाले. "ज्यांचं आयुष्य पाढे घोकवण्यात गेलं, त्यांना हे जड जाणारच," असंही म्हणाले आणि बाईंकडे बघून हसले.

बायकांतून गोजरबाई उठली. तिच्या दावणीला दहा जनावरं होती. "मास्तर, पोरगी मागल्या काळात गेली ते मला बी दिसलं. पन जनावर तिथलंच हाय न्हवं? ते कुटं तिच्यासंगं उडी मारून गेल्तं? मोडल्यालं शिंग पुन्हा धड कसं हुईल?"

"आजी, ही गोठ्यातली गाय नव्हे," सर म्हणाले. "हे प्रतीक आहे. सगळ्यांनाच नाही कळायचं."

तेवढ्यात प्रोजेक्टरमागून छगन खाकरला. "सर, माझंच चुकलं. डब्यांवर आकडे जपानी. एक ते तीनला नुसत्या रेघा, त्या मोजून लावले. चौथं नि पाचवं अंदाजानं घेतलं, त्यांची अदलाबदल झाली. आत्ता टोकं जुळवताना ध्यानात आलं. पुन्हा सरळ लावू का?"

पटांगण खदखदून हसलं. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. छगनने रिळं ओळीने लावली. आता बालवाडीतल्या पोरांनाही गोष्ट समजली, कारण तीत समजायला अवघड असं काही नव्हतंच.

खेळ संपल्यावर काकासाहेब उठले आणि धोतर झटकत म्हणाले, "पुष्पावतीबाई, सोमवारी हापिसात या. हेडमास्तरकीची आर्डर घेऊन जा."

सरांना राहवेना. "पण काकासाहेब, बाईंना तर काहीच कळलं नव्हतं."

"व्हय," काकासाहेब म्हणाले. "पन त्या तसं म्हनल्या."