दोन ठोके

"काका करणार नाहीत? मग कोण करणार?" राधाकृष्णने डिकीतून उतरवत आणलेला खोका पुन्हा आत ढकलला.

"मी," सत्यशीला म्हणाली. "ठेवा तो खाली. जड हाय. गेलेली कंबर एक हाय आमच्यात, तेवढी पुरे."

वारंगा फाट्यावरच्या त्या गॅरेजच्या पाटीवर अजून तिच्या नवऱ्याचं, नामाजीचंच नाव होतं. नामाजी मात्र लोखंडी खुर्चीत. दोन वर्षांपूर्वी मणका सरकला. दवाखान्यातून परतताना जीप खड्ड्यात आदळली आणि तो चार माणसांदेखत लेकरासारखा ओरडला. त्यानंतर तो गाडीत बसलाच नाही. औंढ्याला दिलेल्या लेकीकडे, साधनाकडेही गेला नाही. तीस वर्षं लोकांच्या गाड्यांचे हादरे घालवणारा माणूस!

जीपचे, टेम्पोचे शॉकअप सत्यशीला आता एकटीच बदलायची. पण राधाकृष्णने स्वतःच्या गाडीसाठी आणलेला कॉइलओव्हर, म्हणजे आटे फिरवून गाडी खालीवर करता येणारा स्प्रिंगवाला शॉकअप, तिच्या हातात पहिल्यांदाच येत होता. हे काम नांदेडला गेलं, तर पुढची अशी कामंही तिकडंच जाणार, हे नवराबायकोला ठाऊक होतं.

"आवाज आला तर?" राधाकृष्णने विचारलं.

"तर जुनं बसवून देते. मंग जावा नांदेडला."

नामाजीने खुर्ची थोडी सावलीत सरकवली.

दुपारपर्यंत चारी जुने शॉकअप जमिनीवर आडवे झाले. नवे जागेवर बसले. राधाकृष्णला टायर आणि मडगार्ड यांच्यात दोनच बोटं फट हवी होती.

"तुमच्या घरच्या रस्त्याला गतिरोधक किती?"

"पाच."

"मंग तीन बोटं, न्हाईतर बूड घासंल," म्हणत तिने रिंग फिरवली.

गाडी अजून जॅकवरच होती. राधाकृष्णने मोबाईल पुढे केला. "काकू, व्हिडिओत बघा, हा मेकॅनिक गाडी वर असतानाच नट आवळतो."

"त्याची गाडी हवेतच ऱ्हात असंल. तुमची रस्त्यावर चालणार. लटकत्या गाडीचा नट आवळला, की खाली उतरल्यावर आतलं रबर पिळलेलं ऱ्हातं. म्हैनाभरात कुरकुर सुरू."

खुर्चीतून खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता, हे तिला कळलं. हसू दाबायचं झालं की नामाजी असाच खोकायचा.

नट हातापुरते आवळून दोघं हळूच पेट्रोल पंपापर्यंत जाऊन आले, स्प्रिंगा बसाव्यात म्हणून. फाट्यावरच्या गतिरोधकावर राधाकृष्णने श्वास रोखला. गाडी चढली, उतरली. कसलाच आवाज नाही.

"काकू," तो म्हणाला, "माझ्या मित्राचीपण एक गाडी आहे."

"आधी तुमची होऊ द्या."

गाडी गॅरेजातल्या कामाच्या खड्ड्यावर घेतली. खाली उतरून नट पक्के आवळायचे होते, पण गाडीत रोजच्याएवढं वजन हवं.

"पुढं तुम्ही बसा. मागं कोण बसतं?"

"बाबा."

सत्यशीलाने इकडेतिकडे पाहिलं. पूर्वी हे वजन तीच असायची. "बस गं मागं," म्हणून नामाजी तिला चुलीपासून उठवायचा. मग वर ती मेथी निवडायची आणि खाली तो नट आवळायचा. काम झालं की पान्याने तळाला दोनदा ठोकायचा. ठक, ठक. म्हणजे उतर.

खुर्ची करकरली.

"साधनाची माय," नामाजी म्हणाला, "दार उघड."

"अवो, तकलीफ व्हईल."

"गाडी उभी हाय ना? उभ्या गाडीला कुठला आला खड्डा!"

एक हात दाराला, एक तिच्या खांद्यावर, असा तो मागच्या सीटवर बसला. तिने दार लावलं आणि खड्ड्यात उतरली.

पहिला नट. दुसरा. वरून नामाजीचा आवाज येत होता.

"औंढ्याला किती टाइम लागते हो?"

"तासभर, काका."

"आन् रस्ता?"

"खड्डे आहेत. पण आता ही गाडी..."

"व्हय. बसल्या जागी समजून राहिलं."

तिसरा. चौथा. डोक्यावरची गाडी जराशी हलली. नामाजी पाठ टेकून बसला असावा.

सगळे नट पक्के झाले होते. सत्यशीला पाना हातात धरून तशीच उभी राहिली. दोनदा ठोकायचं तेवढं राहिलं होतं.