सेरेइमाचं कपाट माझ्या घरी

आमच्या कोरो बेटावर "नाही" म्हणायची सोय नाही. कोणी दारात येऊन "केरेकेरे" म्हणालं की जे मागेल ते द्यायचं. जवळ असताना नाकारलं, तर गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. तेव्हा स्वयंपाकघरातलं कपाट भरून ठेवणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं.

पण या वर्षी मी हट्टालाच पेटले होते. गेल्या वर्षी वादळानंतर एकोणीस दिवस बोट आली नाही. माझ्या तिन्ही पोरींनी नुसते कसाव्याचे उकडलेले कंद खाऊन दिवस काढले. शेवटी कुठून तरी आलेल्या मासळीच्या एका डब्यावर तिघी अशा तुटून पडल्या, की मला रडू आलं. पुन्हा ते बघायचं नव्हतं. वादळाचे महिने सरेपर्यंत कपाट भरलेलं हवं होतं, बस्स.

खोबऱ्याचा भाव पडलेला. मी तीन महिने बसून चटया विणल्या, नवऱ्याच्या तंबाखूला कात्री लावली (तो आठवडाभर फुगून बसला), आणि बोटीनं सुव्याच्या बाजारातून तांदूळ, पीठ, साखर, तेल आणि मासळीचे बारा डबे मागवले. डबे चेपलेले होते, म्हणून स्वस्त.

पुढची युक्ती माझ्या नणंदेची, सेरेइमाची.

"उनाइसी, माझा माल तुझ्या घरी ठेवू, तुझा माझ्या घरी. कोणी मागायला आलं की सांगायचं, माझं नाही गं बाई, तिचं आहे. खोटंही नाही आणि द्यायलाही नको."

"आणि तूच माझं खाऊन टाकलंस तर?"

"तुझे ते चेपलेले डबे? मांजरसुद्धा हुंगून पुढे जाईल!"

तीन आठवडे मजेत गेले. पाद्रीबाई साखर मागायला आल्या आणि रिकाम्या वाटीनं परत गेल्या. मला जरा वाईट वाटलं. जराच.

मग एका सकाळी लितिया बुबू आली. बुबू म्हणजे आजी. ही तर अख्ख्या गावाची आजी. नातवाच्या लग्नाची बोलणी करायला तिच्याकडे बोटीनं पाहुणे यायचे होते.

"पोरी, केरेकेरे. थोडे तांदूळ दे आणि चार डबे."

"बुबू, माझं असतं तर लगेच दिलं असतं. पण हे सगळं सेरेइमाचं आहे."

बुबूनं कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग बरंच झालं की! तुझं कुठे काय जातंय? दे!"

मी कपाट उघडलं. आणि खरं सांगते, दुसऱ्याचं देताना हात सैल सुटतो. चार मागितले होते, मी सहा दिले.

दुपारी कबुली द्यायला सेरेइमाकडे निघाले, तर तीच वाटेत समोरून आली. तोंड चोरासारखं.

"बुबू?" मी विचारलं.

"बुबू. तू किती दिलेस?"

"सहा. तू?"

"आठ. आणि तेल."

"आठ! स्वतःचा एक देताना जीव जातो तुझा!"

"आणि तू माझे सहा उधळलेस ते?"

भांडत भांडतच आम्ही बुबूच्या दारात पोचलो. ती चुलीपाशी टारोचे कंद सोलत बसली होती.

"बुबू, वादळाचे दिवस डोक्यावर आलेत," मी म्हणाले. "आता आमच्या पोरांनी खायचं काय?"

"माझ्याकडे मागायला यायचं," तिनं मान वर न करता सांगितलं. "मी कधी नाही म्हटलंय?"

सेरेइमा हसली. मला हसता येईना. गेल्या वर्षीचा तो डबा कुठून तरी आला नव्हता. तो बुबूनं पाठवला होता, मी मागितला नसताना, आणि तिच्या घरातला तो शेवटचा होता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. चटया विणताना मी ते सोयीनं विसरले होते.

मी खाली बसले आणि टारो सोलायला घेतला.

संध्याकाळी सेरेइमाकडून माझे उरलेले चार डबे, तांदूळ, पीठ आणि साखर माझ्या घरी आणली. वाटीभर साखर काढून पाद्रीबाईंकडे स्वतः नेऊन दिली. माझी साखर, माझ्या हातानं. वाटी भरताना हात जरा अडखळला, पण भरली काठोकाठ.