पलंगावर मांडलेला कोट

धुतलेला मास्क खोलीतल्या दोरीवर टाकता टाकता लामाराचा हात थांबला. समोरच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि आत म्हाताऱ्या बोंदोच्या पलंगावर त्याचा काळा कोट मांडलेला होता. नुसता टाकलेला नव्हे. बाह्या छातीवर आणलेल्या, खाली पँट सरळ ताणलेली, उशीवर टोपी, पलंगाच्या पायथ्याशी बूट जोडीने ठेवलेले. जवळ आरोग्य खात्याची मुलगी पाठमोरी उभी होती, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, हातात फोन धरून.

लामाराने मास्क दोरीवरून परत काढला आणि ओलाच तोंडाला लावला.

माणूस परमुलखात गेला आणि देह घरी येणार नसला, की त्यांच्याकडे त्याचे कपडे असेच पलंगावर मांडतात आणि त्या कपड्यांपुढे विलाप गातात. अबखाझियातल्या लढाईतून पळून आलेल्या या लोकांनी असे पलंग पुष्कळ मांडले होते. पूर्वी बडे साहेब गरम झऱ्यांची अंघोळ करायला येत, त्या आरोग्यधामात प्लायवूडच्या आडभिंती घालून ते तेव्हापासून राहत होते, आणि इमारतीतल्या प्रत्येक मेलेल्याला लामाराने गाऊन पोचवलं होतं.

या वर्षी मात्र नाही. याच मजल्यावरच्या झुझुनाचा दीर साथीत गेला तेव्हा बंद पेटी इस्पितळातून परस्पर दफनभूमीत गेली. झुझुना खिडकीच्या काचेआड रडली. लामाराचा सूर गळ्यातच राहिला. न गाता पाठवलेल्या माणसाची देवाच्या दारी ओळख कोण पटवणार, असं तिची आई म्हणायची. त्या दिवसापासून लामारा देवाच्या आईच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची ती त्या दिराच्या नावाने, आणि मनात दुसराच विचार यायचा. लढाईतून पळून येताना तिचा नवरा बर्फातल्या खिंडीत मागे राहिला तो राहिलाच. मूलबाळ नव्हतं. विलाप शिकायला कुणी मुलगी कधी तिच्यापाशी बसली नाही. तिची ओळख कोण पटवणार?

झुझुना एकदा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "तुझं तूच आधी गाऊन ठेव गं लामारा. वेळ आली की आम्ही टेप लावू." सगळे हसले. लामाराही हसली. बोंदो तेवढा हसला नव्हता.

आणि आता त्याचा कोट तिथे होता.

ती आपल्या उंबरठ्यावर आली. पुढे लालपांढरी फीत बांधलेली. बोंदोला कुताइसीच्या इस्पितळात नेल्यापासून या मजल्यावर कुणी आपला उंबरठा ओलांडायचा नव्हता. मॅकरोनी, तेल, साबण, सगळं पिशवीत दाराशी यायचं. लामाराने फितीला हात लावला नाही. डोक्याचा रुमाल सोडला, केस मोकळे केले, तळवा गालाला लावला, डोळे मिटले आणि सूर धरला.

"वाय, बोंदो, कोट घालून कुठे निघालास, अजून सकाळ आहे. वाय, कुणाला सांगून निघालास. तुझ्या बागेतली संत्री झाडावरच राहिली रे, तोडायच्या दिवसांत तू घर सोडलंस. लोकांनी पाठीवर गाद्या आणल्या, शिवणयंत्रं आणली. तू शेजाऱ्याची आंधळी आई आणलीस. बर्फात तिला गोष्टी सांगत आलास, तिने झोपू नये म्हणून, झोपली की गेली. वाय, ती तुझ्या पाठीवर जिवंत उतरली."

मजल्यावरची दारं एकेक करून उघडली. बाया उंबरठ्यावर येऊन उभ्या राहिल्या, तोंडं झाकलेली. पहिल्या "वाय"ला त्या गप्प होत्या. पुढच्याला झुझुनाने खालचा सूर दिला, मग सगळ्यांनी. मास्कमधून तो सूर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा येत होता.

"क्रास्नोदारला तुझा मुलगा आहे, बोंदो. तुझा फोन उचलत नाही. तू आम्हाला सांगायचास, तो कामात आहे. आम्ही मान हलवायचो. वाय, आम्ही सगळे मान हलवायचो. माझा रेडिओ मोठा झाला की तू ओरडायचास आणि रेडिओ बंद पडला तर तूच दुरुस्त करून द्यायचास. लोक म्हणत, म्हातारा तापट आहे. देवाच्या आई, तू त्यांचं ऐकू नकोस, मला विचार."

इथे विलाप संपायला हवा होता. देवाच्या आईच्या हाती माणूस सोपवला की गाणारी थांबते. लामाराला ते ठाऊक होतं. पण आवाज थांबेना.

"तू गेलास, आता मला कोण ओळखतं? मी सगळ्यांची सुटलेली घरं गायली, सगळ्यांच्या विहिरी गायल्या. माझी विहीर कुणाला ठाऊक आहे, बोंदो? मला मुकीच नेतील रे."

ती डोळे मिटून उभी राहिली. बायांचा सूर हळूहळू खाली बसला. कुणीतरी नाक ओढलं. आणि मग खोकला आला. पुरुषाचा, ओला, लांबलेला, जवळूनच.

लामाराने डोळे उघडले. पांढऱ्या पोशाखातली सालोमे बोंदोच्या दारात तिच्याकडे तोंड करून उभी होती, हातातला फोन पुढे धरून. फोनच्या काचेत उशीला टेकलेला बोंदो होता. दाढी वाढलेली, नाकाला नळी.

"मी थांबवणार होते, आजी," सालोमे म्हणाली. तिच्या चेहऱ्यापुढचं प्लास्टिक आतून धुरकटलं होतं. "खरंच. उद्या त्यांना घरी सोडतायत, त्यांनी कपडे मागवले. हेच का ते कपडे, म्हणून मी फोनवर मांडून दाखवत होते. तुम्ही सुरू केलंत तर तेच म्हणाले, मधे बोलू नकोस, विलाप मधे तोडत नाहीत."

"मेलाच नाहीस तू?" झुझुना पलीकडून म्हणाली.

"अजून तरी नाही."

"मग आम्ही एवढं रडलो ते?"

"जमा ठेव," बोंदो म्हणाला आणि परत खोकू लागला.

कुणाला तरी हसू फुटलं, मग सगळ्या हसल्या. सालोमे, जिचा चेहरा अजून इथे कुणी पाहिला नव्हता, तीही खांदे हलवून हसली. आपली काय चूक झाली, हे तिला कुणीतरी समजावून सांगत होतं. लामाराने रुमाल उचलला, आत गेली आणि दार लावून घेतलं.

जिवंत माणसाला गायलं. असं तिच्या आईच्या, आजीच्या हातून कधी झालं नव्हतं. ती तसबिरीपुढे बसून राहिली, पण मेणबत्ती कुणाच्या नावाने लावायची ते सुचेना. मक्याची लापशी, घोमी, शिजवली ती पातेल्यातच थिजली. बोंदो परत आल्याचा गलबला तिने दाराआडून ऐकला. रेडिओ लावला नाही. दाराशी आलेली पिशवी ती सगळे आत गेल्यावर घ्यायची. सालोमे ताप मोजायला आली की कपाळ तेवढं दाराच्या फटीतून पुढे करायची.

मजल्यावरच्या फिती काढल्या त्या दुपारी बाहेर स्टूल ओढल्याचा आवाज झाला.

"लामारा," बोंदो म्हणाला. "दार उघड. मी लांब बसलोय."

तिने आतून कडी धरून ठेवली.

"ए बाई, मला फार वेळ बसवत नाही. छातीत अजून घरघर आहे."

तिने दार उघडलं आणि उंबरठ्याच्या आत खुर्ची घेऊन बसली. तो अर्धा झाला होता. कोट खांद्यांवरून ओघळत होता.

"नाक झाक," ती म्हणाली.

त्याने मास्क वर ओढला. "संत्री माझ्या भावाच्या बागेत होती. माझी हेझलनटची झाडं. बाकी बरोबर होतं."

"मला लाज वाटते, बोंदो. देवाला आवडलं नसणार."

"देव रागावला असता तर त्याने मला घरी कशाला पाठवलं असतं?" तो थोडा वेळ श्वास घेत राहिला. "मुलाचं तू सगळ्यांपुढे म्हणालीस."

"चुकलं माझं."

"नाही. आता मला ते सांगत बसावं लागत नाही."

जिन्यात कुणीतरी बादली आपटली. दोघांनी तिकडे पाहिलं.

"आम्हा पुरुषांना शब्द येत नाहीत," बोंदो म्हणाला. "आम्ही सूर तेवढा धरतो. पण तुझ्या वेळी झुझुनाला शब्द जमतील, तोंड आहेच तिला. मी सांगेन तिला काय म्हणायचं ते. आधी मला माहीत तर हवं."

"काय?"

"तिकडे गावी तुझं घर ओढ्याच्या कुठल्या अंगाला होतं?"

लामाराने हात मांडीवर ठेवले. दुसऱ्या कुणाच्याही घराच्या विलापाची सुरुवात तिला झोपेत सुचली असती. फाटकापासून धरावी, की झाडापासून, की आईपासून, ते माणूस पाहून तिला कळायचं.

"पलीकडे," ती म्हणाली, आणि पुढे फाटक धरावं की विहीर, ते शोधू लागली.

बोंदो स्टुलावरून उठला नाही.