कुंताबाईची खुर्ची आणि काचेतला नंदी

माझ्या घरच्या माणसाचं नाव मी घेत नाही. कोणाला हवंच असेल तर त्यानं भंडाऱ्याला विद्यापीठाच्या कलादालनात जावं. तिथं एक लाकडी नंदी उभा आहे आणि खाली पाटी आहे, 'तुलाराम, सानगडी'. मी शाळेत चौथीपर्यंतच गेले, पण हे दोन शब्द वाचायला चौथी पुष्कळ झाली.

नंदी ह्यांनी आमच्या हेमराजसाठी घडवला होता. बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडं तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा. पोरं चाकावरचे नंदी दोरीनं ओढत मारुतीच्या देवळापुढं आणतात, तोरणाखाली रांगेत लावतात, पूजा होते. हेमराज मोठा झाला, त्याची पोरंही मोठी झाली, नंदी मात्र घरातच राहिला. दर वर्षी मी त्याला रंग द्यायची, शिंगांना बेगड लावायची. मग एकदा कलादालनाच्या कामिनी मॅडम जुने नंदी शोधत सानगडीला आल्या. त्यांनी मागितला, मी दिला. पण मुकाट्यानं नाही दिला. साऱ्या गावातून मिरवत मोटारीपर्यंत नेला, कुंताबाईच्या दारापुढून तर दोनदा. रस्ता तिकडून नव्हता.

कुंताबाई आमच्या लगतच्या धानाच्या बांधीची मालकीण. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, तिचं माझं बोलणं बंद. कोणी कोणाचा धुरा कोरला ते देवाला ठाऊक, आणि मला. तिचे मधुकरराव देवाघरी गेले, तरी वाद जागचा हलला नाही.

तर पुढं झालं असं की ह्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. दवाखान्यात नेईस्तोवर उशीर झाला होता. ह्यांना दिसेनासं झालं. त्याबद्दल हे कधी कुरकुरले नाहीत. एक दिवस वरण-भात कालवता कालवता म्हणाले, "माह्या नंदीले एकदा हात लावाले भेटन का?"

एवढंच. सगळ्या संसारात ह्या माणसानं माझ्याकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. मीठ कमी असलं तरी मागत नाहीत. मी तिथंच पदर खोचला.

हेमराजनं आम्हाला भंडाऱ्याला नेलं. इमारत देखणी, पण पायऱ्या अशा की बांधणाऱ्याला माणसं नको असावीत. ह्यांना धरून धरून वर चढवलं. आत पहारेकरी म्हणाला, पाहा, पण हात लावू नका. मी विचारलं, मग ह्यांनी पाहायचं कशानं? तो म्हणाला, साहेबांचा नियम आहे. मी म्हटलं, साहेबाला माझ्यापुढं आण, नियम त्यालाच विचारते.

साहेब नाही, कामिनी मॅडम आल्या. बाई स्वभावानं चांगली. त्यांनी पाटीशेजारचे उठावाचे ठिपके दाखवले. आंधळ्या माणसाला ते बोटांनी वाचता येतात म्हणे. ह्यांनी बोटं फिरवली आणि चांगले आहेत म्हणाले. डोळे होते तेव्हा ज्यांना अक्षर कळलं नाही, त्यांना ठिपके काय कळणार? पण माणूस भिडस्त. मग मॅडम मला समजावू लागल्या की हाताच्या घामानं जुना रंग खराब होतो. मी सांगितलं, रंग कुठं जुना आहे, तुम्ही न्यायच्या आधीच्या पोळ्याला मीच दिला, उरलेला डबा अजून घरी आहे. तेव्हा त्यांना हसू आवरेना. वरच्यांशी बोलते म्हणाल्या. अपंग माणसाला सगळीकडं जाता आलं पाहिजे असं वरूनही कळवलं होतं, त्यासाठी मागच्या बाजूला उतार बांधून झाला होता, त्याचा फोटोही वर गेला होता. हात लावण्याचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मॅडमनी भांडून परवानगी आणली. कोणाशी किती भांडल्या ते सांगत नव्हत्या, पण आवाज बसला होता. आठवड्यातून एक दिवस काच निघणार आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्यानं हातांनी पाहायचं, असं ठरलं. पहिला मान ह्यांचा. मी टेंपो भरून सानगडीची माणसं नेली. मान मिळतो तेव्हा साक्षीदार पाहिजेत.

काच निघाली. ह्यांनी आधी हात धोतराला पुसले, मग नंदीच्या पाठीवर ठेवले. पाठीवरून वशिंडावर, तिथून मानेवर, शिंगांवर. मी गावाकडं पाहत होते, गाव ह्यांच्याकडं. हात पुन्हा वशिंडाखाली गेले, तिथं थांबले. पोटाखालून एकदा फिरले.

"हा माहा नाही," हे म्हणाले.

मी हळूच म्हटलं, नीट पाहा, रंगानं बुजलं असेल. हे म्हणाले, रंगाखाली लाकूड तर लाकूडच राहते. ह्यांच्या नंदीला वशिंडाखाली सागाची गाठ होती. तासताना ती निघाली नाही म्हणून तशीच राहू दिली होती. ह्या नंदीचं अंग तुकतुकीत. हे पुन्हा एकदा पाठीवरून हात फिरवून म्हणाले, आणि तेही चारचौघांत, "हा मधुकरचा हात हाय. काम चांगलं करे तो."

टेंपोतली माणसं छताकडं पाहू लागली. छतात पाहण्यासारखं काही नव्हतं.

कसं झालं ते मला तिथंच उमगलं. तान्ह्या पोळ्याच्या रांगेत आमचा नि मधुकररावांचा नंदी शेजारी उभे राहायचे. दोघांनी एकाच सुताराच्या ओसरीवर बसून घडवलेले, रंग चढला की ह्यांच्या डोळ्यांनाही एकसारखेच दिसायचे. पूजा सुटली की पोरं हाताला येईल ती दोरी धरून प्रसादाकडं पळायची. हेमराजनं कधीतरी कुंताबाईचा नंदी ओढून घरी आणला, तिच्या पोरानं आमचा. आणि मी, जिनं धुऱ्याची वीतभर माती तिला सोडली नाही, वर्षानुवर्षं तिच्या घरचा नंदी रंगवला, पुजला आणि तिच्याच दारापुढून मिरवला.

 परतीच्या वाटेवर साकोलीजवळ आल्यावर हे म्हणाले, असू दे, हात लावला ना एकाले. ते मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी मी कुंताबाईच्या अंगणात उभी होते.

ती ओसरीवर चाकाच्या खुर्चीत बसून लाखोळीची डाळ निवडत होती. मागच्या साली खुबा मोडला, तेव्हापासून खुर्चीतच. टेंपोतली बातमी माझ्या आधीच तिच्याकडं पोचली होती, हे तिच्या तोंडावरूनच दिसलं.

"ये गोदाबाई," ती म्हणाली. "वाट चुकली काय? आज मिरवणूक नाही का कोणाची?"

मी म्हटलं, तुझ्याकडचा नंदी आमचा आहे, ह्यांना त्याला हात लावायचा आहे. आतल्या फळीवर तो दिसतही होता. तिनं डाळीतला एक खडा काढला, नीट पाहिला, फेकला.

"आणि माहा?" ती म्हणाली. "माह्या माणसाचा नंदी तिकडं तुह्या माणसाच्या नावानं उभा हाय. तो गेला, मले त्याच्या हातचं दुसरं काही नाही राहिलं. आधी मले तो भेटव. तुहा नंदी मी माह्या मांडीवर घेऊन येईन. माह्या हाताखाली माहा आला का तुह्या माणसाच्या हाताखाली तुहा जाईन."

मी लगेच कबूल झाले. आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

तर पुन्हा टेंपो. कुंताबाई खुर्चीत, मांडीवर नंदी, बाजूला हे. वाटभर ह्यांचे हात त्या नंदीपासून वीतभर अंतरावर होते. मी म्हटलं, लावून टाका, कोण पाहतं? हे म्हणाले, बोली ती बोली. कुंताबाई खिडकीबाहेर पाहत हसली.

कलादालनाच्या मागं उतार होता, फोटोत होता तसाच, गुळगुळीत. वर दार होतं आणि दाराला कुलूप. आत कार्यक्रमांच्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या. बांधल्यापासून उतारावरून कोणी आलंच नाही, मग जागा कशाला वाया घालवायची, असा तिथल्या लोकांचा हिशेब. मॅडमना हे माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. किल्ली ज्याच्याकडं तो लग्नाला सिहोऱ्याला गेलेला. पहारेकरी म्हणाला, एवढं काय त्यात, आम्ही चौघं बाईंना खुर्चीसकट पुढच्या पायऱ्यांवरून उचलून नेतो.

कुंताबाईनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "चौघांनी उचलाचं ते एकदाच असते, भाऊ. मले एवढी घाई नाही."

तो म्हणाला, मग पुढल्या आठवड्यात या. ह्यांनी हात मागं घेतले, मांडीवर ठेवले. ते मी पाहिलं. मी त्या बंद दारापुढं उतारावर बसले, फतकल मारून. म्हटलं, कुंताबाई म्हणते ते बरोबर आहे. माणूस स्वतःच्या चाकांनी आत जाईल, नाहीतर आज इथून कोणीच जाणार नाही. कुलूप मोडलं तर मोडलं, मी नवं आणून देते, ह्याच्यापेक्षा चांगलं. कुंताबाईची बाजू आपण घेतो आहोत हे माझ्या ध्यानात आलं, पण तोवर बोलून झालं होतं. कुंताबाईच्याही ध्यानात आलं. तिनं खुर्ची माझ्याशेजारी आणून लावली.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, कुलपाकडं पाहिलं आणि पहारेकऱ्याला म्हणाल्या, "दगड आणा." पहिला घाव त्यांनीच घातला. नेम चुकला, पण मन मोठं. दुसरा हेमराजनं घातला. मग आम्ही सगळ्यांनी खुर्च्या बाहेर काढल्या, हेही हातांनी चाचपत एकेक पुढं देत होते. दार मोकळं झालं तशी मी कुंताबाईच्या मागं गेले आणि ढकलायला लागले. बाई दिसते काटकुळी, पण आहे जड.

आत काच काढलेली होती, पण चौथरा उंच. कुंताबाईचा हात नंदीच्या पायांपर्यंतही पोचेना. मॅडम म्हणाल्या, हेही चुकलंच आमचं. त्यांनी नंदी उचलून खाली मेजावर ठेवला. कुंताबाईनं मांडीवरचा त्याच्याशेजारी ठेवला आणि ह्यांना म्हणाली, "घ्या भाऊजी, तुमचा." मग ती आपल्या नंदीकडं वळली.

 ती मधुकररावांच्या नंदीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जसा तापल्या लेकरावरून फिरवतात. ह्यांची बोटं वशिंडाखाली गेली. तिथं अंगठा ठेवून हे हसले. डोळे गेल्यापासून मी ते हसू पाहिलं नव्हतं. मला म्हणाले, हात आण इकडं. माझं बोट धरून त्या गाठीवर ठेवलं. इतकी वर्षं ह्या माणसाच्या घरात राहून मी ती गाठ कधी पाहिलीच नव्हती.

कुंताबाईनं डोळे पुसले आणि लगेच तोंड सुरू केलं. "गोदाबाई, किती रंग फासला व माह्या नंदीले? कान बुजले ना त्याचे."

मी म्हटलं, इतकी वर्षं फुकट रंगवून दिला त्याचे आभार मान. तुझ्याकडं आमचा तर पार उघडा पडला आहे, एक हात तरी मारायचा होतास.

मॅडमनी दोन्ही नंदी ठेवून घ्यायची परवानगी मागितली. कुंताबाई म्हणाली, ठेवा, पण खालीच, ह्याच मेजावर, आणि काच नको. मी म्हटलं, पाट्या बदला, त्यात तिचं नाव आधी आलं तरी चालेल. म्हणजे मधुकररावांचं. हे तर उठायलाच तयार नव्हते. मॅडमनी त्यांच्यासाठी स्टूल आणलं आणि शेजारी बसून नंदीच्या गोष्टी ऐकू लागल्या. ह्यांना एवढं बोलता येतं हे मला नवंच होतं.

मग आम्ही दोघी बाहेर निघालो. उतारावर मी कुंताबाईची खुर्ची जराशी सैल सोडली, जराशीच, आणि तिनं माझं नाव घेऊन जे काही म्हटलं ते विद्यापीठाच्या आवारात याआधी कोणी म्हटलं नसावं. मग धरली.